खाल्लेली पानं

आमच्या बी विंगच्या मागे, पंपाची खोली आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये ६० फूट लांब आणि १२ फूट रुंद अशी एक पट्टी आहे. २०२० साली तिथे नुसता राडारोडा पडलेला होता. फुटक्या फरशा, कोणाच्या तरी जुन्या बाथरूमच्या टाइल्स, सिमेंटची रिकामी पोती. आणि त्या सगळ्यातून उगवलेलं रुईचं एक झुडूप. लॉकडाऊनमध्ये स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बघण्याखेरीज करण्यासारखं फार नव्हतं, तेव्हा रोज सकाळी दहाच्या सुमाराला रुईभोवती केशरी फुलपाखरं घिरट्या घालताना दिसायची. पंखांच्या टोकांना काळा रंग आणि त्यात पांढरे ठिपके. त्यांचं नाव मला तेव्हा माहीत नव्हतं. पण चहाचा कप घेऊन मी त्यांच्यासाठी उभी राहायचे, हे नक्की.

२०२१ च्या जूनमध्ये मी सोसायटीच्या कमिटीकडे अर्ज दिला की तो कोपरा साफ करून तिथे फुलपाखरांची बाग करू या. कमिटीने लगेच मान्य केलं. ट्रक आला, राडारोडा उचलला गेला, आणि त्यासोबत ती रुईही गेली. ती काढू नका, असं मी म्हणाले नाही. उलट माळीमामांनी विचारलं होतं, "ताई, हे रुईचं काय करायचं?" आणि मी म्हणाले होते, "काढून टाका, आपण छान फुलझाडं लावू." हे वाक्य मला अजून लागतं.

वर्गणी काढून साडेआठ हजार रुपये जमले. लाल माती आणली, शेणखत आणलं, नर्सरीतून पेटुनिया, डबल पाकळ्यांचा झेंडू, रंगीत गुलाब आणले. महिनाभरात पट्टी इतकी सुंदर दिसू लागली की लोक तिथे उभे राहून फोटो काढायचे. फुलपाखरं मात्र येईनात. एखादं पांढरं-पिवळं भिरभिरत यायचं, चक्कर मारायचं आणि भिंतीवरून निघून जायचं. केशरी तर एकही नाही. मी पाणी वाढवलं, खत वाढवलं. पावसाळा संपला तरी तेच.

दिवाळीनंतर आम्ही सातजण ठाण्याला घोडबंदर रस्त्यावरच्या ओवळेकर वाडीत गेलो. ही जागा ऐकून माहीत होती. तिथे पहिला धक्का बसला तो असा, की डोळ्यांत भरतील अशी फुलं तिथे फारशी नव्हतीच. झुडपं होती, वेली होत्या, आपण तण म्हणून उपटतो तसलं बरंच काही होतं, आणि निम्म्या पानांना भोकं होती. दोन तासांत मला जे कळलं ते असं: फुलपाखरू फुलावर येतं ते मध प्यायला, पण राहतं तिथेच, जिथे त्याच्या अळीला खायला पान मिळतं. आणि अळी काही कुठलंही पान खात नाही. प्रत्येक जातीच्या अळीची ठरावीक झाडं असतात, त्यांना खाद्यवनस्पती म्हणतात. मादी पानावर उतरते, पायांनी चाखून बघते, झाड ओळखीचं निघालं तरच अंडं घालते. माझ्या खिडकीतल्या त्या केशरी फुलपाखराचं नाव प्लेन टायगर. त्याच्या अळ्या रुईवर वाढतात. म्हणजे मी त्यांचा पाळणा ट्रकमध्ये घालून पाठवला होता आणि त्या जागी पेटुनिया लावला होता.

डबल झेंडूचंही तेव्हाच उमगलं. जास्त पाकळ्या हव्यात म्हणून माणसाने तशी वाणं निवडली, आणि त्या वाणांत पाकळ्या वाढतात त्या बहुधा फुलाच्या प्रजननाच्या भागांच्या जागी. आपल्याला भरगच्च दिसणारं फूल माशीच्या दृष्टीने जवळजवळ रिकामं ताट असतं. साधा, एकेरी पाकळ्यांचा गावठी झेंडू लावला असता तर तो उपयोगी पडला असता.

परत आल्यावर खरी अडचण सुरू झाली, ती म्हणजे सोसायटीत रुई लावायची कशी. घराजवळ रुई नको, तिच्या चिकाने डोळे जातात, असं तीन-चार जणांनी ठामपणे सांगितलं. चिकाची भीती खोटी नाही. तो डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, आणि सोसायटीत लहान मुलं आहेत. माझ्याकडे या मुद्द्याला धड उत्तर नव्हतं. उत्तर दिलं तळमजल्यावरच्या आजींनी. त्या दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ करतात आणि त्यासाठी त्यांना मंडईजवळून पानं विकत आणावी लागायची. त्या म्हणाल्या, "रुई भिंतीच्या कडेला लावा, पुढे कोरांटीची रांग लावा, पोरं तिथवर जाणार नाहीत. आणि पानं तोडायचं काम माझं." तसंच केलं. हायवेच्या कडेला उकललेल्या बोंडांतून कापसासारखं उडणारं बी मुलांनी गोळा करून आणलं होतं. त्यातली पाच रोपं जगली. कोरांटीही फुकट गेली नाही. तिच्यावर पॅन्सी जातीच्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात.

त्या वर्षी आम्ही लावलेली झाडं सांगते, कारण मला कोणी विचारलं की मी आता फुलांची नाही, याच झाडांची नावं सांगते. लिंबू आणि कढीपत्ता, लाइम आणि कॉमन मॉर्मन या फुलपाखरांसाठी. गुलाबी कण्हेर, कॉमन क्रोसाठी. त्या फुलपाखराचा कोष चांदीच्या दागिन्यासारखा चकाकतो. पानफुटी, रेड पिएरोसाठी, आणि कृष्णकमळाचा वेल, टॉनी कोस्टरसाठी. चित्रक, झेब्रा ब्लूसाठी. एरंड एका कोपऱ्यात. बहावा एक, तो आज दहा फूट झालाय आणि त्याच्या कोवळ्या पानांवर एमिग्रंट नेमाने अंडी घालतात. सीताफळ आधीपासून होतंच. फाटकाजवळच्या उंच अशोकांवर टेल्ड जेची पैदास होते, हे तर वीस वर्षं तिथे राहून आम्हाला माहीत नव्हतं.

मधासाठी घाणेरी लावावी असं बऱ्याच जणांनी सुचवलं, कारण तिच्यावर फुलपाखरं तुटून पडतात. आम्ही ती लावली नाही. पक्षी तिची फळं खाऊन बी टेकड्यांवर नेतात आणि तिथे ती दुसरं काही उगवू देत नाही. त्याऐवजी एक्झोरा, भारंगी, पेंटास आणि जमैकन स्पाइक लावलं. पेंटास आणि जमैकन स्पाइकही बाहेरचेच, पण आम्ही ते छाटून आटोक्यात ठेवतो. या बाबतीत मी सोवळं पाळत नाही. सगळ्यात जास्त गिऱ्हाईक असलेलं फूल तर आम्ही लावलंच नव्हतं. ते म्हणजे एकदांडी, अमेरिकेतून आलेली, फुटपाथच्या भेगेतही उगवणारी. आम्ही फक्त माळीमामांना सांगितलं की ती उपटू नका. मामांना हे फार जड गेलं. तीस वर्षं ज्याला तण म्हणून उपटलं ते राखायचं म्हणजे काय! पावसाळ्यात टाकळा आणि घोळही वाढू दिली. टाकळ्यावर छोटी पिवळी ग्रास यलो येतात, घोळीवर डॅनेड एगफ्लाय. भाजीपुरती कोवळी पानं आम्हीही खुडतो, बाकीची त्यांची.

२०२२ च्या जुलैत एका शनिवारी सकाळी आजींनी मला खाली हाक मारली. माळेसाठी तोडलेलं पान त्यांच्या तळहातावर होतं आणि पानाच्या मागे टाचणीच्या डोक्याहून लहान, पांढरट, उभट असा एक ठिपका. "हे काय आहे गं, अंडं का?" अंडंच होतं. तीन दिवसांनी अळी निघाली, तिने आधी अंड्याचं कवच खाल्लं, मग पानाला सुरुवात केली. काळे-पांढरे-पिवळे पट्टे, पाठीवर मऊ शिंगांसारख्या काळ्या तंतूंच्या तीन जोड्या. दोन आठवड्यांच्या आत ती माझ्या करंगळीएवढी झाली, मग पानाखाली उलटी टांगून घेऊन हिरवा कोष केला. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साडेतीन आठवडे गेले. त्या काळात सोसायटीतली अकरा मुलं शाळेला जाताना आणि येताना तिथे थांबायची. आजी त्या दिवसापासून प्रत्येक पान उलटं करून बघतात आणि अंडं नसलेलीच पानं मारुतीसाठी घेतात. एकदा एकवीस पानं मिळायला पाऊण तास लागला, पण त्यांनी एकही अंडं तोडलं नाही.

सप्टेंबरात घात झाला. लिंबाची आणि कढीपत्त्याची पानं कुरतडलेली दिसली म्हणून कोणीतरी झाडांना कीड लागल्याची तक्रार केली होती. पेस्ट कंट्रोलचं वार्षिक कंत्राट होतंच. कामगार दुपारी आला आणि पाठीवरच्या पंपाने त्याने सगळी पट्टी फवारली. त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं, त्याची चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाखाली सतरा अळ्या मरून पडल्या होत्या. लाइमच्या अळ्या लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्या होतात आणि डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी जिभेसारखं काहीतरी बाहेर काढून उग्र वास सोडतात. पक्ष्यांपासून, मुंग्यांपासून वाचायची एवढी तयारी त्यांच्याकडे असते. मुलांना मी काय सांगणार होते? पाचवीतल्या एका मुलीने त्या सगळ्या अळ्या पानात गुंडाळून मातीत पुरल्या.

त्या महिन्याच्या सर्वसाधारण सभेत मी लिंबाची खाल्लेली फांदी घेऊन गेले. मला भाषण करता येत नाही. मी इतकंच म्हणाले की आपण फुलपाखरांची बाग मंजूर केली आहे, आणि फुलपाखरांची बाग दिसते ती अशी. पानं अखंड राहिली तर बाग नापास झाली. अर्धा तास वाद झाला. अळ्या घरात येतील, अंगाला खाज सुटेल, असं म्हणणं होतं. शेवग्यावरच्या केसाळ अळ्यांचा अनुभव सगळ्यांनाच असतो, त्यामुळे ही भीती समजण्यासारखी होती. आमच्या झाडांवरच्या अळ्यांनी खाज येत नाही हे मी हातावर घेऊन दाखवलं. मग मधला मार्ग म्हणून निंबोळी अर्क फवारावा असं ठरत आलं होतं, नैसर्गिक आहे म्हणून. मीही मान डोलावणार होते. पण सी विंगमधले एक निवृत्त काका, ज्यांनी शिवाजीनगरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन संस्थेत प्रशिक्षण घेतलं होतं, ते उठले आणि म्हणाले की निंबोळी अर्काने अळीचं खाणं थांबतं आणि तिला कातही नीट टाकता येत नाही. नैसर्गिक असलं तरी अळीच्या दृष्टीने ते विषच. शेवटी ठराव झाला की पट्टीत कोणतीही फवारणी नाही, आणि पेस्ट कंट्रोलच्या माणसासोबत दर वेळी आमच्यातलं कोणीतरी उभं राहील. आजही तसंच चालू आहे. सभेतला ठराव कागदावर राहतो, पंपाचं तोंड वळवायला माणूसच लागतो.

डासांचा प्रश्न मात्र मी हलका मानत नाही. त्याच पावसाळ्यात ए विंगमध्ये डेंगीचे दोन रुग्ण होते आणि झुडपांमुळे डास वाढले असा सरळ आरोप आमच्यावर आला. डेंगीचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठवड्याहून थोडा जास्त काळ लागतो. म्हणून तर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं सांगतात. आम्ही शुक्रवार धरला. मुलांनी यादी केली: कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचे टायर, फ्रिजमागचे ट्रे, कारंज्याचं बंद पडलेलं टाकं. कारंज्यातच सगळ्यात जास्त अळ्या निघाल्या. फुलपाखरांसाठी आम्ही पाण्याची ताटली ठेवली होती, तीही काढून तिथे ओल्या मातीचा एक खळगा केला, उभं पाणी राहणार नाही असा. नर फुलपाखरं तशा ओल्या मातीतूनच क्षार शोषून घेतात, त्यांना ताटलीची गरजच नसते. पुढच्या वर्षी ए विंगमध्ये रुग्ण नव्हता. याचं श्रेय नेमकं कशाला द्यायचं ते सांगता येणार नाही, पण धुराच्या फवारणीची मागणी तेव्हापासून कमी झाली.

अळ्यांबरोबर दुसरंही बरंच आलं. एकदा मुलांनी डब्यात जपलेल्या कोषातून फुलपाखरू आलंच नाही. बारीक धाग्यांना लटकत पांढऱ्या अळ्या उतरल्या आणि पुढे त्यांच्या माश्या झाल्या. माशीने प्लेन टायगरच्या अळीतच आपली पिल्लं वाढवली होती. मुलं रडवेली झाली. माझ्याही पोटात कालवलं. पण तीही इथलीच रहिवासी आहे, हे आम्ही हळूहळू मान्य केलं. मग शिंपी पक्ष्याने एक्झोराची पानं शिवून घरटं केलं आणि पिल्लांना आमच्याच अळ्या भरवल्या, तेव्हा कोणी तक्रार केली नाही.

मधमाश्या आणि त्यांच्या जातभाई माश्यांकडे आमचं लक्ष उशिरा गेलं, याची मला खंत आहे. फुलपाखरू सगळ्यांना आवडतं, पण परागीभवनाचं मोठं काम माश्या करतात. गच्चीवरच्या कुंड्यांत वांगी आणि टोमॅटो भरपूर फुलायचे आणि फळ कमी धरायचं. त्यांचे पराग पुंकेसराच्या टोकाच्या बारीक भोकातून बाहेर येतात, ते झटकून काढावे लागतात. निळ्या पट्ट्यांची एक गुबगुबीत माशी फुलाला लटकून अंग थरथरवते आणि पराग सांडते. मधमाशीला ते जमत नाही. ही माशी पोळं करत नाही, मातीत बीळ करते. आणि आम्ही पट्टीत इंचभर माती उघडी ठेवली नव्हती, सगळीकडे पालापाचोळा पसरला होता. मग दक्षिणेच्या कडेला चार फूट जागा मुद्दाम उघडी ठेवली. भुंग्यांसाठी एक वाळलेली फांदी आणि बांबूचे तुकडे बांधले. वर्षभराने वांग्यांवर ती थरथर ऐकू आली, चक्क ऐकू येते, बारीक चरखा फिरल्यासारखी.

दुसऱ्या मजल्यावरच्या एका वहिनींच्या गॅलरीत जास्वंदीच्या फांदीवर फुलोरी माश्यांनी तळहाताएवढं पोळं धरलं, तेव्हा रात्री मशाल लावून ते जाळायचं ठरलं होतं. काकांनी जाऊन समजावलं. फुलोरी सहसा वाटेला जात नाही, फार डिवचलं तरच डसते, आणि काही महिन्यांत जागा सोडून जाते. वहिनींनी कपडे वाळत घालायची दोरी दुसऱ्या बाजूला घेतली. जानेवारीत पोळं रिकामं झालं. आग्या माश्यांचं पोळं पाण्याच्या टाकीवर असतं तर मी वेगळा विचार केला असता, हेही सांगते. त्या चिडल्या तर जीव जाऊ शकतो, आणि तिथे जाणकार माणूसच बोलवावा लागतो.

सप्टेंबर हा आता देशभर फुलपाखरांच्या नोंदींचा महिना म्हणून पाळतात. २०२३ मध्ये आम्हीही वही केली. वर्षअखेर वहीत अठ्ठावीस जाती होत्या. त्यात एक नोंद मुलांनी लाल पेनने केली आहे. ऑगस्टमधल्या एका उघडिपीत नीलवंत आलं, ब्लू मॉर्मन, २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. हाताच्या पंजाएवढं, काळ्यावर निळी झाक. भारंगीवर चार मिनिटं थांबून भिंतीपलीकडे गेलं. अंडी घातली नाहीत. पुढच्या पावसाळ्यासाठी पपनसाचं रोप आणून ठेवलं आहे. ईश्वरीचा वेलही लावला आहे, कॉमन रोज येईल म्हणून. वेल दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला, फुलपाखरू अजून आलेलं नाही.

गेल्या डिसेंबरात इमारतीला रंग द्यायला घेतला. बी विंगच्या मागच्या भिंतीत, मीटरच्या पेटीशेजारी, एका भेगेतून मेणाची बारीक नळी बाहेर आली आहे. पोयाच्या माश्यांचं घर. काळ्या, तांदळाच्या दाण्याहून लहान, नांगी नसलेल्या. आमच्या लिंबाला या दोन वर्षांत जेवढी लिंबं धरली, त्यात त्यांचाही हात असणार. रंगाऱ्यांनी भेगा भरायला पुट्टी कालवली होती. आजी खुर्ची घेऊन तिथे सकाळपासून बसल्या. मुकादमाला त्यांनी नळी दाखवली, आत-बाहेर करणाऱ्या माश्या दाखवल्या. तो गावाकडचा निघाला, त्याने लगेच ओळखल्या. त्याने खडूने भोवती एक चौकोन आखला आणि पोरांना सांगितलं की या चौकोनात ब्रश लावायचा नाही. सगळी इमारत आता करड्या रंगाची आहे. मीटरच्या पेटीशेजारी तेवढा वीतभर चौकोन जुन्या पिवळ्या रंगाचा आहे.